हातात आलेला कैदी: त्याच्या हालांना जबाबदार कोण?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

प्रश्न सरळच विचारतो. शत्रूचा सैनिक हात वर करून शरण आला, त्याची बंदूक काढून घेतली. त्यानंतर त्याची मारझोड, उपासमार, विटंबना होते ती नेमकी कुणामुळे? समोर उभ्या असलेल्या जवानाच्या रागामुळे, की त्याच्या वरचा अधिकारी काय खपवून घेतो त्यामुळे? माझं मत ठाम दुसऱ्या बाजूला आहे.

विषय निघाला पुतण्यामुळे. तो भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे दापोलीच्या मैदानावर धावतो. मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होता. कुठल्या देशातला ते महत्त्वाचं नाही. कैद्यांना गुडघ्यांवर बसवून लाथा घालत होते. मी म्हटलं, हे बरोबर नाही. तर म्हणतो, "काका, मग काय त्यांना ओवाळायचं?"

आमच्या घरात या गोष्टीची दुसरी बाजू आहे. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) गेले. कुत-अल-अमाराला तुर्कांनी वेढा दिला, १४७ दिवस. २९ एप्रिल १९१६ला जनरल टाउनशेंड शरण गेले. गोरे, हिंदी सैनिक आणि छावणीतले नोकरचाकर मिळून सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, आणि कोकणातली पोरं त्यांत बरीच. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेलं, शिपायांना पायी. आधीच उपाशी माणसं. हाती कडक तुर्की बिस्किटं दिली, ती अधाशासारखी खाऊन कित्येक जण पोट बिघडून तिथेच गेले. पुढे सामर्रा, मोसूल, रास-अल-ऐन, आणि जे उरले त्यांच्याकडून रेल्वेचं काम.

पणजोबा परत आले. आजीने त्यांचं एक बोलणं आम्हाला पुष्कळदा सांगितलंय. एका मुक्कामावर तुर्की अधिकारी स्वतः विहिरीशी उभा राहिला आणि सगळ्यांना पाणी मिळेपर्यंत हलला नाही. पुढच्या मुक्कामावर तो नव्हता. पहारेकरी तेच. त्यांनी पाण्याच्या बदल्यात पायांतले बूट काढून घेतले. त्या बुटांशिवाय पुढे वाळवंट चालायचं होतं.

माणसं तीच, एका मुक्कामात बदलली. म्हणून माझं मत असं झालंय. तुम्हाला काय वाटतं?

कातळशिल्पी

विहिरीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. टाउनशेंडसाहेबांचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं होतं. ते इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, कैदेत असतानाच त्यांना 'सर'की मिळाली. आणि त्यांचे शिपाई वाळवंटात.

संगमेश्वरी

धागाकर्त्यांना मान आहे, पण मला हे पटत नाही. मी कसब्याची. आमच्या गावात १ फेब्रुवारी १६८९ला संभाजीमहाराजांना औरंगजेबाच्या मुकर्रबखानाने धरलं. पुढे महाराजांचे आणि कवी कलशांचे काय हाल केले ते इथे लिहायची गरज नाही, ११ मार्चपर्यंत चालले होते. हे काही एखाद्या शिपायाने रागाच्या भरात केलेलं नव्हतं. शत्रू असा असेल तर त्याच्या माणसांना पाणी पाजत बसायचं का? आणि लांब कशाला जायचं? १९९९ला कारगिलमध्ये पाकिस्तानच्या हाती सापडलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे देह कुठल्या अवस्थेत परत आले ते आठवा. कुठला नियम कामाला आला?

आबोली

संगमेश्वरीताई, तुमचा राग समजतो. पण तुम्हीच लिहिलंत की शिपायाने रागाच्या भरात केलेलं नव्हतं. म्हणजे धागाकर्त्यांच्याच बाजूला आलात की. औरंगजेबाने ठरवलं म्हणून झालं.

आणि त्याचा उपयोग काय झाला? महाराजांचे हाल करून मराठे मोडतील असं त्याला वाटलं. पुढची अठरा वर्षं तो याच मुलखात लढत राहिला आणि १७०७ला अहिल्यानगरजवळ मेला. हाल केले की शत्रू घाबरतो, हे निदान आपल्याला तरी कुणी शिकवू नये.

दर्यावर्दी

+१ आबोली.
शिवाजीमहाराजांनी चिपळूणजवळ हलवर्ण्याला छावणी केलेल्या आपल्याच सैन्याला पाठवलेलं पत्र आठवलं. रयतेला त्रास द्याल, दाणागोटा ओरबाडाल, तर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे.

कातळशिल्पी

ते पत्र रयतेबद्दलचं आहे, कैद्यांबद्दलचं नाही. इथे साल्हेरचं उदाहरण जास्त लागू पडतं. १६७२च्या लढाईत मोगलांचे नामांकित सरदार हाती लागले, त्यांना महाराजांनी वस्त्रं देऊन सोडल्याचं सभासद बखरीत आहे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट कुणी आणायच्या आत सांगतो: तिला समकालीन पुरावा नाही.

दर्यावर्दी

पत्र सैन्याच्या शिस्तीबद्दल आहे, आणि विषय शिस्तीचाच आहे. ज्याला गरीब शेतकऱ्याकडे पेंढीभर गवत मागायचीही मुभा नाही, तो कैद्यावर हात टाकताना दहादा विचार करेल. म्हणून लिहिलं.

वेंगुर्ल्याची

आमच्या आजयेचो भाव टोब्रुकाक गावलेलो. घराकडे कितके म्हयने कायच खबर नाय, आजयेन देव पाण्यात घातलेले. मगे एक कार्ड इला.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहिते. ते दुसऱ्या महायुद्धातल्या मराठा पलटणीत होते. जून १९४२मध्ये लिबियातलं टोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं, तेव्हा अख्खी पलटण कैद झाली. पुढे त्यांना इटलीत नेलं. तिथे मारहाण झाली असं ते कधी म्हणाले नाहीत. थंडी, कंटाळा आणि घरची आठवण, एवढंच सांगत. रेडक्रॉसची पार्सलं यायची. हिंदी कैद्यांसाठी आटा-डाळ-मसाला घातलेली वेगळी पार्सलं असत. त्यातला एक पत्र्याचा चौकोनी डबा त्यांनी घरी आणला होता. त्यात आजी पुढे तिरफळं ठेवायची. झाकण इतकं घट्ट की आम्हा पोरांना उघडता यायचं नाही.

धागाकर्त्यांच्या पणजोबांची कैद आणि आमच्या मामाआजोबांची कैद यात फरक कशाने पडला? कार्ड आलं, पार्सल आलं, म्हणजे कुणीतरी मोजत होतं की हा माणूस अमुक कॅम्पात जिवंत आहे. ज्याची मोजदाद आहे त्याला गायब करणं कठीण जातं.

खाडीकाठचा

वेंगुर्ल्याची, फार नेमकं लिहिलंत. १९४९च्या जिनिव्हा करारात हे आता कलमानेच आहे. कॅम्पात पोचल्यापासून एका आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं. आणि चौकशीत त्याने फक्त नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगायची. त्यापलीकडे बोलत नाही म्हणून त्याला धमकावायचंसुद्धा नाही.

सुरंगीवाला

पण काही देशांच्या रक्तातच असतं ना? जपान्यांनी कैद्यांचे जे हाल केले ते इटालियन लोकांनी केले नाहीत. टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात मांडलेला आकडा आहे: जपानच्या कैदेतले ब्रिटिश-अमेरिकन कैदी २७ टक्के मेले, जर्मन-इटालियन कैदेतले ४ टक्के. सिंगापूर पडल्यावर न्यू गिनीकडे नेलेल्या हिंदी कैद्यांचे हाल तर विचारू नका. भूक, मलेरिया, मार.

कातळशिल्पी

रक्तात असतं तर मग हे कसं?

१९०४-०५च्या युद्धात याच जपानने रशियन कैद्यांना इतकं चांगलं वागवलं की जगाने वाखाणलं. पहिल्या महायुद्धात चीनमधल्या त्सिंगताओला पकडलेले जर्मन सैनिक तोकुशिमाजवळच्या बांदो कॅम्पात होते, साधारण हजारभर. मात्सुए तोयोहिसा नावाचा अधिकारी तिथला प्रमुख. त्याने त्यांना बेकरी चालवू दिली, वर्तमानपत्र काढू दिलं, वाद्यवृंद उभा करू दिला. १९१८च्या जूनमध्ये त्या कैद्यांनी तिथे बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजवली. मग वीस-पंचवीस वर्षांत रक्त बदललं का? बदललं ते शिक्षण. शरण जाणं ही सर्वांत मोठी नामुष्की, असं आपल्याच सैनिकांच्या डोक्यात भरवलं. मग शरण आलेला समोरचा त्यांना माणूस वाटेना. शिवाय जपानी सैन्यात वरचा खालच्याच्या कानाखाली सर्रास वाजवायचा. त्या उतरंडीत सगळ्यात खाली कैदी.

जर्मनांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तुमचा ४ टक्क्यांचा आकडा पाश्चात्त्य कैद्यांचा. त्याच जर्मन सैन्याने साधारण ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले, त्यातले ३३ लाखांच्या आसपास मेले. सैन्य एकच, काळ एकच, काटेरी तारही एकच. वरून आलेलं धोरण तेवढं वेगळं.

आबोली

५७ लाखांतले ३३ लाख... हा आकडा शाळेत कधी कानावरसुद्धा आला नव्हता.

थिबापॅलेस

आम्ही रत्नागिरीकर. आमच्याकडेही एक कैदी होता म्हणायचा: ब्रह्मदेशाचा थिबा राजा. १८८६ला त्याला इथे आणलं, १९१०ला राजवाडा बांधून दिला, १९१६ला तो इथेच गेला. ना मार, ना उपासमार. तरी तीस वर्षं परवानगीशिवाय कुठे जाता येत नव्हतं. याला चांगली वागणूक म्हणायची का?

दर्यावर्दी

तो राजकैदी, युद्धकैदी वेगळा. युद्धकैद्याला लढाई संपली की घरी पाठवावंच लागतं.

बांदेकर

राजकैद्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या बाजूचं लिहितो. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, ती जागा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आत पकडले गेले त्यांना पोलीस चौक्यांत फोडून काढलं. मधू लिमयांना झालेली मारहाण सर्वांना ठाऊक आहे. मोहन रानडे १९५५ला पकडले गेले, त्यांना पुढे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात नेलं. गोवा १९६१ला सुटला. रानडे सुटले १९६९ला.

आता दुसरी बाजू बघा. डिसेंबर १९६१मध्ये त्याच राजवटीचे हजारो सैनिक आपल्या ताब्यात आले. सूड घ्यायला कारण होतं, माणसं होती, संधी होती. त्यांना कॅम्पांत ठेवलं आणि मे १९६२पर्यंत परत पाठवलं. तिथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने आपल्याच अधिकाऱ्यांना शरण गेल्याबद्दल बडतर्फ केलं. हे मला आपल्या सैन्याबद्दल अभिमानाने सांगावंसं वाटतं.

संगमेश्वरी

बांदेकर, ते पोर्तुगीज पोलीस होते, सैनिक नव्हे, आणि तेव्हा युद्धही नव्हतं. तरी मुद्दा पोचला. पण मला एक सांगा, कालियांच्या आई-वडिलांना हे सगळं ऐकवून काय मिळणार आहे?

बांदेकर

त्यांना न्याय मिळायला हवा, तो मिळालेला नाही, हे शंभर टक्के खरं. ज्यांनी केलं त्यांच्यावर खटला व्हायला हवा. पण खटला मागायचा तर आपले हात स्वच्छ हवेत ना ताई?

सासुरवाशीण

माझे सासरे १९७१च्या युद्धानंतर जबलपूरच्या कॅम्पावर पहाऱ्याला होते. पाकिस्तानची सुमारे ९३ हजार माणसं तेव्हा आपल्याकडे होती, त्यात नागरिकसुद्धा. सासरे सांगायचे की सुरुवातीला आपल्या पोरांना राग यायचा: आम्हाला बराकी अपुऱ्या आणि यांना पक्क्या इमारती? काही कॅम्पांत पळून जायचे प्रयत्न झाले, गोळीबार झाला, कैदी मेलेही. ते लपवायचं कारण नाही. पण मारहाण केली तर कोर्ट मार्शल होईल, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. त्यांच्या कॅम्पातला एक म्हातारा पाकिस्तानी सुभेदार दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या शेजारच्या खंदकात होता म्हणे. त्याला 'काय रे, जेवलास का' एवढं मराठी येत होतं. सासरे पहाऱ्यावर आले की तो तेवढंच म्हणायचा.

दर्यावर्दी

त्याच वेळी पलीकडे आपले वैमानिकही कैदेत होते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर, आपला मराठी माणूस, ऑगस्ट १९७२मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या कॅम्पातून भिंत फोडून निसटले आणि थेट खैबरच्या बाजूला लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे पकडले गेले. त्यांचा कॅम्पप्रमुख उस्मान हमीद सभ्य माणूस होता, हे त्या कैद्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलंय.

सुरंगीवाला

आणि १९९९ला आपला वैमानिक नचिकेता? त्याला तर मारलं.

माजी_हवालदार

इतका वेळ वाचत होतो. आता लिहितो. मी खेड तालुक्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीत होतो.

नचिकेता यांना उतरल्यावर समोरच्या जवानांनी मारायला सुरुवात केली, आणि एका वरिष्ठ पाकिस्तानी अधिकाऱ्याने येऊन ते थांबवलं. त्यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. २०१९ला वैमानिक अभिनंदनना गावातल्या जमावाने मारलं, त्यांना जमावातून बाहेर काढलं पाकिस्तानी लष्करानेच. म्हणजे धागाकर्त्यांची विहीर इथेही आहे.

पहिले दोन तास सगळ्यात वाईट. तुमचा जोडीदार सकाळी गेलेला असतो, आणि ज्याने गोळी घातली असेल तो हात वर करून समोर उभा असतो. त्या वेळी जवानाच्या मनात काय येतं ते मला विचारा. म्हणून कैदी त्या तुकडीकडे ठेवायचाच नसतो. झडती घ्या, हत्यार-कागद काढून घ्या, अधिकारी आणि शिपाई वेगळे करा, जखमीला पट्टी बांधा, चिठ्ठीवर कुठे-केव्हा धरला ते लिहा आणि लगेच मागे पाठवा. मागच्या माणसांचा त्याच्यावर तसा राग नसतो. माणूस देव होईल या भरवशावर हे चालत नाही. राग येणार हे गृहीत धरूनच ही पद्धत बसवलेली आहे.

कारगिलमध्ये पाकिस्तानने आपल्या सैनिकांचे मृतदेह घ्यायला नकार दिला. ते आपण त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले. त्यांचे कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे नाव, हुद्दा नव्हे) यांच्या शौर्याबद्दल आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी चिठ्ठी लिहून दिली, आणि त्यांना त्यांच्या देशाने निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. हे कालियांच्या बातमीनंतरचं आहे, संगमेश्वरीताई. आमच्यातल्या प्रत्येकाला ती बातमी माहीत होती.

संगमेश्वरी

हवालदार काका, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. राग मात्र माझा राहील.

माजी_हवालदार

राहू दे की. कालियांसाठी तो राहायलाच हवा.

कातळशिल्पी

मला एकच भीती वाटते. 'वरच्यामुळे होतं' म्हटलं की खालचा सुटतो. आणि प्रत्यक्षात उलटंच घडतं, वरचा सुटतो. इराकमधल्या अबू घरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळाचे फोटो २००४ला बाहेर आले. त्यातल्या शिपाई चार्ल्स ग्रेनरला दहा वर्षं, लिंडी इंग्लंडला तीन वर्षं. तुरुंगाची जबाबदारी असलेल्या ब्रिगेडियर बाईंना एक हुद्दा खाली उतरवलं. चौकशीआधी कैद्यांना 'नरम' करायची मुभा ज्यांच्या कार्यालयांतून झिरपत खाली आली, त्यांना काही झालं नाही. आणि हे सगळं उजेडात आणलं कुणी? जोसेफ डार्बी नावाच्या एका साध्या शिपायाने. फोटोंची सीडी त्याने चौकशी विभागाकडे दिली. त्याच तुकडीतला, तेच वरिष्ठ, तीच हवा. तरी त्याने केलं. त्याला पुढे स्वतःच्या गावात राहणं मुश्कील झालं.

खाडीकाठचा

कातळशिल्पी, डार्बीचं उदाहरण माझ्या मताला खरोखर छेद देतं. पुतण्याला आख्खा धागा वाचायला दिला. तो विहिरीपाशी थांबला नाही, थेट तुमच्या प्रतिसादाशी आला. म्हणतो, "काका, समजा मी भरती झालो आणि साहेबच म्हणाला, मार याला. मग मी काय करायचं? हुकूम मोडला तर माझी नोकरी जाणार, पाळला तर माझ्यावर खटला." माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवालदार काका, तुम्हीच सांगा.

माजी_हवालदार

पोराने बरोबर जागी बोट ठेवलं.

आर्मी ॲक्टमध्ये हुकूम न पाळण्याबद्दल शिक्षा आहे, पण तिथे शब्द 'कायदेशीर हुकूम' असा आहे. निःशस्त्र कैद्याला मारायचा हुकूम कायदेशीर होऊच शकत नाही. नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यानंतर 'मला वरून सांगितलं होतं' हा बचाव अशा उघड बेकायदेशीर हुकमाला चालत नाही. हे झालं कागदावरचं.

प्रत्यक्षात तेवढं सोपं नाही, मी खोटं सांगणार नाही. साहेब तरुण असतो, तोही रागात असतो. अशा वेळी जुन्या माणसाचं काम असतं की मध्ये पडायचं. "साहेब, याला मागे पाठवतो, कंपनी कमांडरना कळवलंय" असं म्हणायचं आणि कैद्याला हलवायचं. बहुतेक वेळा साहेबालाही ते हवंच असतं, त्याला फक्त कुणीतरी थांबवायला लागतं. नाहीच ऐकलं तर सरळ नाही म्हणायचं, आणि वरच्या साहेबापर्यंत जायचं. त्रास होतो. बदली होते, शेरा बिघडतो.

त्याला म्हणावं, ट्रेनिंगमध्ये हा तास असतो, तेव्हा झोपू नकोस. आणि भरतीचं काय झालं ते कळव. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढतोय?